भिजत घातलेले कागद

दाराची कडी लावल्यावर ती परत एकदा ओढून बघायची सवय मला आईनं लावलेली नाही, घरमालकिणीनं लावली. आता मी मुकुंदवाडीला तिसऱ्या मजल्यावर राहते, खाली वॉचमन असतो, दाराला लोखंडी जाळी आहे, तरी हात कडीकडे जातोच. नवरा हसतो, मुलगी तर माझी नक्कल करून दाखवते. करू देत. आत्याबाईंच्या घरात राहिले असते तर दोघंही पलंगाखाली वाकून बघायला शिकले असते.

आत्याबाई म्हणजे माझ्या कोणी नात्यातल्या नव्हेत. सगळी गल्लीच त्यांना आत्याबाई म्हणायची. हर्सूलला, तुरुंगाच्या भिंतीपासून एक गल्ली सोडून त्यांचं घर होतं. खाली त्या एकट्या, वरच्या दोन खोल्यांत भाडेकरू. मी तेव्हा एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून नुकतीच लागले होते आणि शहराला अजून सगळे औरंगाबादच म्हणत होते. ‘तुरुंगाजवळ घर घेऊ नकोस’ असं आईनं फोनवर बजावलं होतं. मी मुळातच भित्री. पण खोल्यांना उजेड चांगला होता, मालकीण ऐंशीच्या पुढची होती, आणि म्हातारीला काय भ्यायचं, असं मला वाटलं. म्हातारी भीती घालणारी नव्हतीच, ती स्वतःच भ्यालेली होती, आणि ते जास्त अवघड निघालं.

पहिल्या भेटीत त्यांनी मला दारातच उभं केलं आणि विचारलं, “नोकरी कशाची?”

“ग्रंथपाल आहे. लायब्ररीत.”

“म्हंजी कागदं सांभाळायची?”

“पुस्तकं.”

“मंग पुस्तकं काय पत्र्याची असतेत का?” असं म्हणून त्या चक्क एक पाऊल मागं सरकल्या. मग बराच वेळ माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे बघत राहिल्या. “ऱ्हा. पण हितं वर पुस्तक आणलं तर मला सांगायचं. आन् एक कडवं पाठ करावं लागंल. भाडं मागंपुढं झालं तर चालंल, कडवं रोज सकाळी म्हणून दाखवायचं. जमंल का?”

मी हो म्हणाले. म्हाताऱ्या माणसांना भजनाबिजनाची आवड असते, तसं काही असेल म्हटलं.

परसात त्यांचं एक मोठं घमेलं होतं आणि त्यात कायम कागद भिजत घातलेले असायचे. वाण्याच्या पुड्या, बसची तिकिटं, भरलेली विजेची बिलं, कॅलेंडरची उलटून गेलेली पानं. घरात येणारा प्रत्येक कागद फाडायचा, भिजवायचा, त्यात मेथ्या घालून कुटायचा आणि पालथ्या पातेल्यावर थापून त्याची टोपली करायची. आमच्याकडच्या जुन्या बाया अशा टोपल्या करतातच, त्यात नवल नाही. नवल होतं ते त्यांच्या घाईचं. कोणी लग्नपत्रिका घेऊन आलं की त्या ती वाचायच्या, वार आणि ठिकाण मोठ्यानं म्हणायच्या आणि देणाऱ्याचा चहा संपायच्या आत तिचे तुकडे करायच्या. गणपतीच्या चित्राचा तुकडा तेवढा बाजूला काढून डोक्याला लावायच्या आणि मग तोही घमेल्यात. नवरीचा बाप कप हातात धरून बघत बसायचा. गल्लीतले लोक सरावले होते, ते पत्रिका न आणता तोंडीच आमंत्रण द्यायचे.

माझं नेमणुकीचं पत्र मी एकदा जिन्यात विसरले आणि संध्याकाळी घमेल्यात डोकावले तर प्राचार्यांची सही पाण्यावर तरंगत होती. मी ओरडलेच. आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, “तुला नोकरी हाय हे तुला ठावं हाय ना? त्यांना बी ठावं हाय ना? मंग कागद कामून पायजे?” झेरॉक्स होती म्हणून बरं. त्या पत्राची झालेली टोपली अजून माझ्या स्वयंपाकघरात आहे. मी तिच्यात लसूण ठेवते.

त्या कोण होत्या हे मला शेजारच्या खालांनी सांगितलं. खाला म्हणजे शिवणकाम करणाऱ्या, आत्याबाईंपेक्षा बऱ्याच लहान, पण त्यांची एकुलती एक मैत्रीण. “तुमको मालूम नहीं? अम्मा लीडर थे. निजाम के टाइम में झंडा लेके निकले थे, पीछे सौ-सौ औरतां. यहींच, इसीच जेल में थे,” असं म्हणून खालांनी सुईच्या टोकानं तुरुंगाची भिंत दाखवली. मी त्या भिंतीकडे बघितलं आणि मग आत्याबाईंच्या घराकडे. सुटल्यावर माणूस तिथून जितकं लांब जाता येईल तितकं जाईल की नाही? या बाईनं एक गल्ली सोडून घर बांधलं होतं.

स्वातंत्र्यानंतर त्यांना निवडणुकीला उभं करायला लोक आले होते म्हणे. आत्याबाईंनी एवढंच विचारलं, “अर्ज भरावा लागंल का?” हो म्हणाले. “मंग नाय.” पेन्शनचं तेच, सन्मानाचं तेच. त्यांनी कधी फोटोही काढू दिला नाही. ज्या बाईच्या मागं गावंच्या गावं चालली, तिचं नाव सरकारदरबारी एका ओळीतही नव्हतं. आणि त्याआधी त्या कविता करायच्या, हे तर खालांनाही उशिरा कळलं.

सकाळी दूध आलं की हजेरी व्हायची. हजेरी हा आत्याबाईंचाच शब्द. त्या खाटेवर दाराकडे तोंड करून बसायच्या, पाठ भिंतीला पक्की टेकलेली. दूधवाला किटली खाली ठेवून उंबऱ्यात, खाला पायरीवर, मी जिन्यात. प्रत्येकाकडे एक कडवं. एका लांबलचक गाण्यातल्या ओव्या होत्या त्या. सोडून गेलेले भाडेकरू, इस्त्रीवाला, भाजीवाली, सगळ्यांना त्यांनी एकेक वाटली होती. अख्खं गाणं फक्त त्यांच्याजवळ. माझ्या वाट्याला आली होती ती अशी :

दळिते मी जोंधळा, दारी वाजली गं काठी
थांबू नको माझ्या हाता, गाणं उभं तुझ्यापाठी

मी म्हणत असताना आत्याबाईंचा उजवा हात मांडीवर गोल फिरत राहायचा. घरात जातं नव्हतं. मिक्सर होता, त्याच्या आवाजाला त्या दचकायच्या. पण हात जात्याचा खुंटा धरल्यासारखाच फिरायचा.

दूधवाल्याची ओवी होती, ‘सांगावा धाडिते बाई, पिठाच्या टोपल्यात, उजाडंल गावोगावी, एकाच दिवसात’. तो शेवट हमखास बदलायचा आणि म्हणायचा, ‘उजाडंल बाई आधी, माझ्या म्हशीच्या गोठ्यात’. मला वाटलं होतं, कविता करणारी बाई आहे, चिडेल. त्या म्हणायच्या, “बदलून म्हण, पण म्हण.” हे त्यांचं पालुपद होतं. खालांची ओवी तर निम्मी दख्खनी झाली होती. तरी तेच, बदलून म्हण, पण म्हण.

हे सगळं वाचताना गमतीचं वाटेल. मलाही पहिले काही दिवस वाटलं. पण त्या घरात राहिल्यावर गंमत हळूहळू संपते. तुरुंगाच्या जीपगाड्या दिवसभर त्या बाजूनं जायच्या. गाडीचा आवाज आला की आत्याबाई बोलता बोलता वाक्याच्या मध्येच थांबायच्या. तोंड उघडं, श्वास धरलेला, डोळे कडीवर. गाडी लांब गेली की राहिलेलं वाक्य जिथं तुटलं होतं तिथून पुढं. हे रोज बघितलं की आपलाही श्वास तिथंच अडकायला लागतो. एकदा भर दुपारी कुरिअरवाल्यानं दारावर हेल्मेट आपटलं, तर मी वरच्या खोलीत पंखा बंद करून भिंतीला चिकटून उभी राहिले. माझ्याकडे लपवण्यासारखं काय होतं? सेलमध्ये घेतलेल्या दोन साड्या. पण कुरिअरवाल्याची गाडी लांब जाईपर्यंत मी जागची हलले नाही.

आणि एका रविवारी, परसात बसून आम्ही दोघी कागद फाडत असताना, त्यांनी मला त्या भीतीचं मूळ सांगितलं. मी विचारलंही नव्हतं.

“मी कविता करायची,” त्या म्हणाल्या. “पिशोरला. भावानं लिव्हाय-वाचाय शिकवलेलं. चांदणं, मोगरा, सासरी निघालेली पोरगी, असलं काईबाई. मंग धरपकड सुरू झाली, तवा भाऊ म्हणला, आमच्यासाठी कर की काई. म्हणून ह्या ओव्या केल्या. बाया पहाटं दळायला बसायच्या. रस्त्यानं पोलीस जायचा, त्याला वाटायचं, बाई दळायली. आन् तिकडं वाड्यावस्तीला कळायचं, बैठक कुठं हाय, कोणी घरी ऱ्हायचं नाय. कागद नाय, काई नाय. कोणाला काय घावणार?”

“मग कागद कुठून आला?”

त्यांनी हातातला तुकडा आणखी बारीक केला. “माझ्या गर्वातून आला. बायांची खोड असती ना, ओवी सगळ्यांची. कोणी मधीच आपल्या भावाला घालायची, कोणी लेकाला, कोणी सासूला दोन शब्द सुनवून घ्यायची. चार गावं फिरून गाणं माझ्याकडं परत आलं तर मलाच वळखू येईना. मला लई राग आला. म्हणलं, हे माझं हाय, मी केलं तसंच म्हणलं पायजे. बसले आन् लिव्हून काढलं.”

तो कागद त्यांनी गावातल्याच एका मैत्रिणीजवळ दिला. शेजारच्या गावात एकीला वाचता येत होतं, तिच्याकडे पोचवायला. मैत्रिणीला स्वतःला अक्षर येत नव्हतं. पिठाच्या टोपलीत कागद घालून ती निघाली आणि वाटेत नाल्यापाशी तिला धरलं. कोणी लिहिलं म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, मी. तिच्यासोबत धरलेली दुसरी एक बाई पुढं सुटून आली, तिनं हे सांगितलं.

“त्यांनी तिच्या हातात पेन्सिल दिली,” आत्याबाई म्हणाल्या. “म्हणले, लिव्ह बरं. तिला धरता बी येईना पेन्सिल. खुरपं धरावं तशी धरली म्हणं तिनं. मंग मारलं. परत पेन्सिल दिली. तरी म्हणत ऱ्हायली, मीच लिव्हलं.”

“मग?”

“मंग काय. ती आलीच नाय.”

कुठल्या ठाण्यात नेलं, काय केलं, कुठं पुरलं की जाळलं, कोणाला कधी कळलं नाही. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी झेंडा उचलला. लोक म्हणाले, पोरगी लई धीराची. “धीर कशाचा,” त्या म्हणाल्या. “घरात बसवंना. घरात बसलं की ती पेन्सिल दिसायची.”

त्या दाराकडे तोंड करून बसतात ते पोलिसांच्या भीतीनं, असं मी इतके दिवस धरून चालले होते. त्या रविवारी मला पहिल्यांदा वाटलं की कदाचित त्या वाट बघत असतील. मी विचारलं, “नाव काय होतं तिचं?”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पेन्सिलच पुढं केली होती. “शेवटच्या ओवीत हाय तिचं नाव. ती ओवी कोणाला दिली नाय. तू लायब्ररीवाली. तू लिवशील.” आणि मांडीवरचे सगळे तुकडे त्यांनी घमेल्यात लोटले. त्या बाईचं नाव जगात फक्त एका ठिकाणी उरलं होतं, ऐंशी ओलांडलेल्या एका म्हातारीच्या डोक्यात. हे कळल्यापासून आत्याबाई नुसत्या शिंकल्या तरी मला धास्ती वाटायला लागली.

पुढं जे झालं ते एका भल्या माणसामुळे झालं. गल्लीतल्या एका उत्साही कार्यकर्त्याला आत्याबाईंची माहिती लागली आणि मुक्तिसंग्राम दिनाला शाळेच्या मैदानावर त्यांचा सत्कार करायचा असं त्यानं ठरवलं. पाहुणे येणार, शाल, श्रीफळ, सगळं. आत्याबाईंना आधी सांगितलं तर त्या येणार नाहीत, म्हणून ऐन वेळी गाडी पाठवून आणायचं त्याच्या मनात होतं. आमच्यातल्याही कोणाला पत्ता लागू दिला नाही. फोटो मिळेना, तेव्हा त्यानं दूधवाल्याकडून, कशाला ते न सांगता, त्याचं कडवं लिहून घेतलं आणि फ्लेक्सवर छापलं. हातभर मोठी अक्षरं. खाली ‘रचना’ असं लिहून आत्याबाईंचं पूर्ण नाव.

त्या सकाळी आत्याबाई कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला गेल्या आणि त्यांनी तो फ्लेक्स बघितला.

मी तिथं नव्हते. भाजीवालीनं सांगितलं ते असं : आधी त्या नुसत्या उभ्या राहिल्या. मग इकडं-तिकडं बघितलं. मग भाजीवालीच्या पाटीतला विळा उचलला आणि फ्लेक्स फाडायला लागल्या. हात पुरेल तिथपर्यंत फाडला, वरचं राहिलं तर उड्या मारायला लागल्या. ऐंशीच्या पुढची बाई उड्या मारतेय. पाहुण्यांसाठी बंदोबस्त होता, त्यातल्या हवालदारानं त्यांना धरून चौकीत नेलं. फोटो कधी काढू दिला नव्हता, त्यामुळे ही कोण, हे त्याला कळायचं कारणच नव्हतं.

माल आवरून भाजीवाली धापा टाकत आमच्याकडे आली तोवर बराच वेळ गेला होता. मी आणि खाला धावलो. चौकी मैदानाच्या पलीकडेच होती. दारात हवालदार घाम पुसत उभा होता.

“मॅडम, तुमच्यातल्या हायत का ह्या? घंटाभर झालं नाव इचारायलोय. नाव नाय, गाव नाय. पाणी बी घेईनात. मी काय मारायलोय का त्यांना?”

आत बाक होतं, पण आत्याबाई खाली फरशीवर बसल्या होत्या. पाठ भिंतीला, तोंड दाराकडे. उजवा हात मांडीवर गोल गोल फिरत होता आणि नजर टेबलावरच्या पेनावर होती. टोपण काढलेलं एक साधं निळं पेन. मी “आत्याबाई” म्हणून पुढं झाले तर त्यांनी मान फिरवली.

“मी नाय वळखत हिला,” त्या हवालदाराला म्हणाल्या. “हिचा माझा काई संबंध नाय. हिला जाऊ द्या.”

मला वाचवायला म्हणत होत्या त्या. ते कळायला मला एक क्षण लागला. त्या या चौकीत नव्हत्याच. त्या कुठं होत्या ते मला माहीत होतं आणि तिथून त्यांना बाहेर कसं काढायचं ते कोणालाच माहीत नव्हतं.

आणि त्याच वेळी मैदानावरचा लाऊडस्पीकर सुरू झाला. कार्यकर्ता आत्याबाईंचं पूर्ण नाव घेऊन, पदव्या लावून, त्यांना सन्मानानं व्यासपीठावर बोलवत होता. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. जे नाव त्या तासभर दातांत धरून बसल्या होत्या ते सगळ्या हर्सूलभर घुमत होतं. आत्याबाईंनी कानांवर हात ठेवले. “फुटलं,” त्या म्हणाल्या. “नाव फुटलं.”

हवालदारानं एकदा बाहेर बघितलं, एकदा माझ्याकडे. मी मान डोलावली. बिचाऱ्याचा चेहरा उतरला. त्यानं पटकन टोपी नीट केली, बूट आपटले आणि कडक सलाम ठोकला. त्या आवाजासरशी आत्याबाईंनी दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि अंग आवळून घेतलं. त्याचा सलाम तसाच कपाळाशी राहिला. माणूस चांगला होता, त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी बघितलं.

खाला मुकाट्यानं त्यांच्याशेजारी फरशीवर बसल्या. “अम्मा, डरो नक्को,” म्हणाल्या आणि आपली निम्मी दख्खनी ओवी हळू आवाजात म्हणायला लागल्या. थोड्या वेळानं आत्याबाईंचा हात पुन्हा फिरायला लागला. मग त्यांनी मला जवळ ओढलं आणि कानात विचारलं, “तिला सोडलं का?”

“सोडलं,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

“कोणाला सोडलं? नाव सांग.”

मला नाव माहीत नव्हतं. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. आणि बघता बघता त्यांच्या डोळ्यांतली भीती बदलली. पोलिसांची नव्हे, जीपची नव्हे, पेनाची नव्हे, ही दुसरीच भीती होती आणि मी ती याआधी त्यांच्या चेहऱ्यावर बघितली नव्हती.

“माझ्याकडं बी नाय गं,” आत्याबाई म्हणाल्या. “कुठं गेलं?”

रिक्षात त्या माझ्या आणि खालांच्या मधे बसल्या होत्या. ओव्या पहिल्यापासून म्हणत होत्या, एकामागून एक, सगळ्यांची कडवी. माझी झाली, खालांची झाली, दूधवाल्याची म्हशीसकट झाली. हात फिरत होता. तुरुंगाच्या भिंतीशी आलो आणि शेवटची ओवी आली. मधल्या शब्दापाशी त्या अडल्या. रिक्षावाला मागं वळून बघायला लागला. त्या परत मागं गेल्या, परत पहिल्यापासून. मी असा देव कधी आठवला नव्हता. भिंत संपत आली आणि त्यांच्या तोंडातून नाव आलं. आल्यावर त्यांनी खालांचा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचली.

घरी आल्यावर त्यांनी कडी लावली, ओढून बघितली आणि मला समोर बसवलं. शेवटची ओवी मला दिली. नाव कानात सांगितलं, ते सोडून ओवी अशी आहे :

गेला कागद बाई, पाण्यामधी विरून
....... आली घरी, माझ्या ओवीत फिरून

“आजवर मला कागदाचं भ्या वाटलं,” त्या म्हणाल्या. “आज कळलं, त्याच्यापरीस मोठं भ्या हाय. तू लिवू नको. रोज म्हण. पण एखाद्या दिवशी तुझ्याकडं बी नाव नसलं, तुला माझ्यासारखं भ्या वाटलं, तर त्या दिवशी लिव्ह. त्याच्या आधी नाय.”

फाडलेल्या फ्लेक्सचा एक तुकडा त्यांनी पदरात लपवून आणला होता. तो त्यांनी घमेल्यात भिजत घातला. रोज उचलून बघायच्या, अक्षरं जशीच्या तशी. मेथ्या घातल्या, दगडानं कुटला. “हे विरतच नाय,” असं मला घाबऱ्याघुबऱ्या होऊन सांगायच्या. ते प्लास्टिक आहे, आत्याबाई, कधीच विरणार नाही, असं मी समजावलं तर आणखीच घाबरल्या. पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी हजेरी घेऊन झाल्यावर त्या खाटेवर टेकल्या आणि तशाच गेल्या, दाराकडे तोंड करून. तेव्हाही तो तुकडा पाण्यातच होता. पिशोरहून पुतण्या आला, त्याला घरात एकही कागद सापडला नाही. मृत्यूचा दाखला मिळवता मिळवता त्याच्या नाकी नऊ आले.

दूधवाल्यानं म्हशी विकल्या, आता तोही नाही. खाला मुलीकडे गेल्या. कडवी जिकडंतिकडं पांगली. मी मात्र रोज सकाळी चहा होईपर्यंत शेवटची ओवी म्हणत आले, लग्न झालं, मुकुंदवाडीला आले, मुलगी झाली, तरी चुकवली नाही. मुलीला शिकवायची असं दर सुट्टीत ठरवायची आणि तिची सुट्टी संपायची. रेल्वे जाताना आमची खिडकी थरथरते, तेवढा वेळ थांबून मी पुढचा शब्द म्हणते. जीप जाईपर्यंत आत्याबाई थांबायच्या तसं.

परवा गाडी गेली, खिडकी थांबली आणि पुढचा शब्द आला नाही.

गॅसवर चहा उतू गेला. मी पहिल्यापासून म्हटलं, मला येत होती तेवढी सगळी कडवी. नाही आला. हात गोल फिरवून बघितला. नवरा ‘काय झालं’ म्हणून विचारत होता. कोणाला विचारू? जगात कोणाला विचारायचं उरलं होतं? अशी भीती वाटली की मी तिथंच फरशीवर बसले, आणि बसल्यावर लक्षात आलं की आपण भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसलोय. कितीतरी वेळानं, लसणाची ती टोपली मांडीवर घेऊन बसले असताना, नाव परत आलं.

आत्याबाईंनी सांगितलेली भीती तीच. म्हणून आज कडी लावून, ओढून बघून लिहायला बसले आहे. यात मी कोणाचंच नाव घातलं नाही, त्यांना ते आवडलं नसतं. वाचून झाल्यावर तुम्ही हा कागद खुशाल भिजत घाला. फक्त त्याआधी हे एक मोठ्यानं म्हणा, बदलून म्हणा, पण म्हणा.

तिचं नाव कौतिका. पिशोरची कौतिका.